‘द साइन ऑफ फोर’चा अभ्यास : धामणकर नाका पद्धत

‘द साइन ऑफ फोर’ ही सर आर्थर कॉनन डॉइल यांची बारा प्रकरणांची छोटी कादंबरी. ‘लिपिंकॉट’ मासिकाच्या फेब्रुवारी १८९० च्या अंकात ती पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती आणि भिवंडीत यंत्रमागांचा पत्ता नव्हता. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीच्या ‘युवकभारती’त २०२० पासून तिचा एक भाग आहे. त्यामुळे लंडनच्या बेकर स्ट्रीटवरची ही भानगड दरवर्षी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर नव्याने उलगडावी लागते. शेरलॉक होम्सला तिचा छडा लावायला थोडे दिवस पुरले. नाक्यावर जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तपास चालतो, आणि शेवटपर्यंत सगळ्यांवर संशय कायम राहतो.

कादंबरीचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात स्टोडार्ट नावाच्या अमेरिकी संपादकाने दोन लेखकांना जेवायला बोलावले. एक डॉइल, दुसरे ऑस्कर वाइल्ड. एका पंगतीत त्याने दोन पुस्तके पदरात पाडून घेतली : डॉइलकडून ही आणि वाइल्डकडून ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’. मराठीत दिवाळी अंकाचे संपादक हेच काम अर्ध्या चहावर भागवतात, त्यामुळे स्टोडार्टचा हात जरा सैलच म्हणायचा. डॉइलना शंभर पौंड मिळाले. त्यांनी कादंबरी झपाट्याने हातावेगळी केली, आणि तो झपाटा पुस्तकात दिसतो. एका पत्रावर जुलैचा शिक्का आहे आणि त्याच दिवसाची संध्याकाळ सप्टेंबरातली आहे. होम्सच्या आधीच्या कादंबरीत त्याचा सोबती डॉक्टर वॉटसन याला गोळी खांद्यात लागली होती. या कादंबरीत ती पायात उतरली आहे. बारावीच्या मुलाने हेच केले असते तर तपासणाऱ्याने लाल पेन संपवले असते. डॉइलना मात्र यामुळे ‘सर’ ही पदवी मिळण्यात काही अडचण आली नाही.

बारावीची इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, त्यात कादंबरी विभागाला १६. या १६ गुणांत चार बिऱ्हाडे दाटीवाटीने राहतात : कादंबरीचा इतिहास, ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ही. व्हर्नचा नायक फिलिअस फॉग मुंबईहून रेल्वेने निघतो आणि त्याची गाडी कल्याणवरून जाते, असे त्या कादंबरीत लिहिलेलेच आहे. कल्याणहून धामणकर नाका दहा-बारा किलोमीटर. फॉग तिकडे वळला नाही. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून त्याने पैज जिंकली, याचे श्रेय अभ्यासक त्याच्या वक्तशीरपणाला देतात. कल्याण-भिवंडी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांचे मत वेगळे आहे. डॉक्टर वॉटसन तर आधीच्या कादंबरीत प्रत्यक्ष मुंबई बंदरात उतरलेला आहे, आणि या कादंबरीतले कॅप्टन मॉर्स्टन व मेजर शोल्टो हे दोघेही बॉम्बे इन्फन्ट्रीचे. म्हणजे मंडळी सगळी ठाणे जिल्ह्याच्या उंबरठ्यावरून गेलेली, पण चहाला आत कोणी आले नाही.

कथा थोडक्यात अशी. मेरी मॉर्स्टनचे वडील १८७८ च्या डिसेंबरात लंडनच्या हॉटेलातून नाहीसे होतात. १८८२ पासून दरवर्षी तिला टपालाने एक टपोरा मोती येतो. पाठवणाऱ्याचे नाव नसते. सहा मोती झाल्यावर पत्र येते : लायसियम नाट्यगृहाशी डावीकडून तिसऱ्या खांबाजवळ उभी राहा, सोबत दोघे आणलेस तरी चालेल, पोलीस नकोत. ती होम्सकडे जाते. पुढे १८५७ च्या धामधुमीत आग्ऱ्याच्या किल्ल्यात दडवलेला खजिना, चौघांचा करार, अंदमानची शिक्षा, लाकडी पायाचा जोनाथन स्मॉल आणि टेम्स नदीत वाफेच्या बोटींचा पाठलाग. शेवटी पेटी उघडते ती रिकामी. खजिना नदीच्या तळाशी गेल्याचे कळल्यावर वॉटसन मात्र खूश होतो, कारण मेरी श्रीमंत झाली असती तर तिला मागणी घालायची त्याची छाती झाली नसती. पाठ्यपुस्तकात यातला सुरुवातीचा भाग आहे. खजिना हाती लागण्याआधी पाठ संपतो, आणि बहुतेकांचा या कादंबरीशी असलेला संबंधही तिथेच संपतो.

अभ्यासाची साधने नाक्यावर हाकेच्या अंतरात मिळतात. बी. एन. एन. महाविद्यालय याच परिसरात, म्हणून विद्यार्थी आहेत. विद्यार्थी आहेत म्हणून क्लास आहेत. क्लास आहेत म्हणून नोट्स आहेत. नोट्स आहेत म्हणून झेरॉक्स आहे. मूळ पुस्तक या साखळीत नेमके कुठे अडकवायचे, यावर अजून एकमत झालेले नाही. पहिल्या महिन्यात ते दप्तरात असते. दुसऱ्या महिन्यात त्याला खाकी कव्हर चढते. तिसऱ्या महिन्यापासून ते घरी राहते, आणि दप्तरात त्याच्या जागी गाइड जाते. चौथ्या महिन्यात गाइडही जड वाटू लागते, मग गाइडातल्या निवडक पानांच्या झेरॉक्स निघतात. दिवाळीनंतर त्या झेरॉक्सचा गोषवारा एका वहीच्या पानावर येतो. जानेवारीत त्या पानाचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो. बारा प्रकरणांची कादंबरी अंगठ्याच्या दोन हालचालींत मावते, ती अशी टप्प्याटप्प्याने.

झेरॉक्सच्या दुकानातले व्यवहार साहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावेत असे असतात.

“काका, साइन ऑफ फोरचं काही आहे का?”

“क्वोटेशन पाहिजे, थीम पाहिजे, का दोन्ही?”

“दोन्हीचे किती होतील?”

“बॅक टू बॅक काढलं तर बारा. पण तू नुसती थीम घे. मागच्या वर्षी क्वोटेशन घेऊन गेलेले परत आलेच नाहीत.”

हे वाक्य दुकानदार शिफारस म्हणून बोलला की इशारा म्हणून, याचा उलगडा कोणी विचारत नाही. मागे सहा जण आधार कार्ड घेऊन उभे असतात.

अवतरणे म्हणजे कादंबरीतली निवडक वाक्ये. पाठ करून ती उत्तरात योग्य जागी पेरावीत, असा जगभरचा रिवाज आहे. या कादंबरीतले सर्वांत गाजलेले वाक्य सहाव्या प्रकरणात येते. अशक्य तेवढे गाळले की जे उरते त्याविषयीचा होम्सचा तो सिद्धांत कॉफीच्या मगांवर, टी-शर्टांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या भिंतींवर छापलेला आढळतो. त्यात अशक्य आणि असंभाव्य या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत, ते दिसायला सख्खे भाऊ. परीक्षेच्या धास्तीने ते एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. मग जगातला सर्वांत तर्कशुद्ध गुप्तहेर दरवर्षी फेब्रुवारीत शेकडो उत्तरपत्रिकांतून ठणकावून सांगतो, की जे घडणे अशक्य आहे तेच खरे. तपासणारे यावर अर्धा गुण देतात. त्यांचाही इतक्या वर्षांचा अनुभव काहीसा तसाच असतो.

दुसरी अडचण अशी, की होम्सच्या तोंडचे म्हणून सगळ्यांना पाठ असलेले, वॉटसनला ‘किती सोपं आहे’ असे सुनावणारे वाक्य डॉइलच्या एकाही कथेत त्या रूपात सापडत नाही. नाक्यावर मात्र तेच सर्वांत जास्त वापरले जाते, कारण ते कुठेही बसते. मेरी मॉर्स्टनचे स्वभावचित्र असो की कादंबरीचा इतिहास, शेवटी होम्स येतो, वॉटसनला ‘सोपं आहे’ म्हणतो आणि उत्तर संपते. एका प्रगत अभ्यासकाने हे वाक्य ‘टू सर, विथ लव्ह’च्या उत्तरातही घातल्याचे सांगतात. तिथे वॉटसन नसल्याने त्याने ते मुख्याध्यापकांना उद्देशून म्हटले होते.

मराठी शाळेत वाढलेल्यांना अवतरणांची भीती वाटत नाही, कारण ‘कोण, कोणास व का म्हणाले?’ या प्रश्नावर त्यांचे बालपण गेलेले असते. त्या काळात कमावलेली तर्कबुद्धी इथे कामी येते. होम्सच्या कादंबरीत बोलणारा बहुधा होम्स असतो आणि ऐकणारा बहुधा वॉटसन. यावरून निघणारा निष्कर्ष क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मांडला जातो.

“सर, सगळीकडे ‘होम्स वॉटसनला म्हणाला’ असं लिहिलं तर?”

“पास होशील.”

“आणि ‘का म्हणाला’ आलं तर?”

“वॉटसनला कळलं नाही म्हणून म्हणाला, असं लिही. तेही सगळीकडे चालतं.”

समीक्षेच्या जाड ग्रंथांत होम्स-वॉटसन नात्याविषयी याहून फारसे वेगळे काही सापडत नाही, हे सरांच्या बाजूने नोंदवायला हवे.

पाठांतराची भिवंडी शैली हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. शहराला भारताचे मँचेस्टर म्हणतात ते यंत्रमागांमुळे, आणि माग कामगार कायदे पाळोत न पाळोत, ताल पाळतात. घरामागच्या कारखान्यात खटखट चालू असते, त्याच ठेक्यावर मुले वाक्ये घोकतात : धोटा डावीकडे गेला की कर्ता, उजवीकडे आला की क्रियापद. अशा रीतीने पाठ झालेले वाक्य मरेपर्यंत विसरत नाही, फक्त ते शांततेत आठवत नाही. रात्री लाइट जाते, माग थांबतात, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांची वाक्ये एकाच शब्दावर अडून राहतात. परीक्षा केंद्रावर तर भयाण शांतता असते. मग एखादा मुलगा बाकावर बोटांनी ठेका धरतो, आणि पर्यवेक्षकबाईंना वाटते की हा मागच्याला उत्तरे कळवतोय.

“काय रे, काय वाजवतोयस?”

“मॅडम, काही नाही. कोटेशन चालू होत नाहीये.”

बाईंचे बालपण भिवंडीतल्या पद्मानगरात गेलेले असेल तर त्या समजून घेतात. बाहेरगावच्या असतील तर बाक बदलतात.

अवतरणांनंतर कथासूत्रे, म्हणजे नाक्याच्या बोलीत ‘थीम’. गाइडात या कादंबरीची कथासूत्रे पाचाच्या आसपास दिलेली असतात : लोभ, विश्वासघात, न्याय, तर्क विरुद्ध भावना, आणि साम्राज्याने पूर्वेकडून लुटलेली संपत्ती. इंग्लंडातल्या मुलांना यातला विश्वासघात समजावून सांगायला शिक्षकांना तक्ते काढावे लागत असतील. धामणकर नाक्यावर तो भिशीच्या एका उदाहरणात संपतो. चौघांनी मिळून खजिना ठेवला, शपथा झाल्या, कागदावर खुणा झाल्या. पाचवा म्हणाला ‘मी जाऊन बघून येतो’, आणि पेटी घेऊन गावाला गेला तो परत आला नाही. मेजर शोल्टोने जे केले ते करणारा एकेक मेजर नाक्याच्या प्रत्येक चाळीला माहीत असतो. एवढे सांगितल्यावर वर्गात मागच्या बाकावरूनही उत्तरे येऊ लागतात. फरक इतकाच, की जोनाथन स्मॉल वर्षानुवर्षे शोल्टोच्या मागावर राहिला आणि अंदमानाहून निसटून लंडनला पोचला. चाळीतले भिशीवाले दोन रविवार त्याच्या सासुरवाडीला फेऱ्या मारतात आणि तिसऱ्या रविवारी नवी भिशी सुरू करतात.

लोभ या कथासूत्राचे अध्यापन मात्र जरा जपून होते. शिक्षक फळ्यावर ‘लोभ माणसाचा नाश करतो’ असे इंग्रजीत लिहीत असतात, तेवढ्यात क्लासच्या कार्यालयातून मुलगा येऊन दुसऱ्या हप्त्याची फी राहिलेल्यांची नावे वाचतो. साम्राज्याचे कथासूत्र घाईत उरकले जाते. आग्ऱ्याच्या पेटीत १४३ हिरे, ९७ पाचू आणि १७० माणके होती, इतके कळल्यावर पुढचा सगळा तास त्यांची आजच्या भावाने किंमत काढण्यात जातो. सोन्याच्या दुकानात काम करणाऱ्याचा मुलगा वर्गात असेल तर घडणावळीवरून वादही होतो.

स्वभावचित्रणाचे काम सर्वांत सोपे, कारण त्याला कादंबरीची गरज लागत नाही. गाइडात प्रत्येक पात्रासाठी तीन विशेषणे राखून ठेवलेली असतात. होम्स : हुशार, धाडसी, निरीक्षणशील. फिलिअस फॉग : हुशार, धाडसी, वक्तशीर. ‘टू सर, विथ लव्ह’चे शिक्षक : हुशार, धाडसी, सहनशील. मेरी मॉर्स्टनच्या वाट्याला सुंदर, शांत आणि धीराची ही विशेषणे येतात, जी त्याच सुमारास नाक्यावरच्या विवाहमंडळांच्या जाहिरातींतही आढळतात. वॉटसनला ‘प्रामाणिक आणि आज्ञाधारक’ एवढ्यावर भागवावे लागते. तो डॉक्टर आहे, युद्धात जखमी झालेला आहे आणि सगळी कादंबरी त्यानेच सांगितली आहे, हे पाहता त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल. पण गोळी नेमकी कुठे लागली हे ज्याला नक्की सांगता येत नाही, त्याची बाजू कोण घेणार?

स्थळ-काळाच्या प्रश्नात मुलांना खरी अडचण येते. लंडनचे धुके समजते, कारण कारखान्यातून येणारा कापसाचा बारीक धुरळा ओळखीचा असतो. घोडागाडीही समजते. अडते ते होम्सच्या तर्कपद्धतीवर. पहिल्या प्रकरणात तो वॉटसनच्या बुटाला लागलेल्या तांबड्या मातीवरून ओळखतो, की स्वारी विगमोर स्ट्रीटच्या पोस्टात जाऊन आली. कारण त्या पोस्टासमोरच रस्ता उकरलेला आहे आणि तसली माती आसपास दुसरीकडे नाही. ही युक्ती वर्गात सांगितली की मुले क्षणभर गप्प होतात.

“सर, म्हणजे लंडनमध्ये एकच रस्ता खोदला होता?”

“तेवढ्या भागात एकच.”

“मग त्याला काय, कोणीही ओळखेल.”

होम्सला धामणकर नाक्यावर उभे केले असते तर बुटावरच्या मातीवरून वॉटसन कल्याण नाक्याकडून आला, वंजारपट्टीकडून आला की अंजूरफाट्याकडून, हे सांगणे त्याच्या बापाला जमले नसते. पावसाळ्यात बुटाच्या जागी माती आणि मातीच्या जागी बूट असतो. वास्तविक ही बारावीतली पोरे निरीक्षणात कमी नाहीत. शेअर रिक्षात तिसरी सीट कोण होणार, चालक चौथी घेण्यासाठी किती वेळ खोळंबा करणार, ‘निघालीच’ म्हणतो तेव्हा तो निघणार आहे का, हे त्यांना लांबूनच कळते. कंडक्टरच्या मानेच्या एका झटक्यावरून एसटी थांबणार की नाही, हे ती अचूक सांगतात. होम्सने या सगळ्याचा निबंध लिहून छापला असता. मुलांना याचे गुण नाहीत, म्हणून ती गाइडातून निरीक्षणशक्तीची व्याख्या पाठ करतात.

प्रत्येक वर्गात एखादा असा निघतो, जो सगळी कादंबरी वाचतो. हा प्रकार बहुधा अपघाताने घडतो : ग्रंथालयात पंखा चांगला असतो, किंवा घरी भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स पडलेला असतो, किंवा आजोबांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकर संपलेले असतात. अशा विद्यार्थ्यापासून वर्गाच्या शिस्तीला धोका असतो. त्याच्या शंका गाइडाबाहेरच्या असतात.

“सर, यातले चार सही करणारे म्हणजे जोनाथन स्मॉल, महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर ना?”

“बरोबर.”

“आणि लेखक म्हणतो की ते तिघे शीख आहेत.”

“असतील.”

“सर, अब्दुल्ला खान शीख कसा असेल?”

या प्रश्नावर सगळा वर्ग जागा होतो. भिवंडीत हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. बाकावर शेजारी खान बसलेला असतो, पुढे पद्मशाली कुटुंबातला तेलुगू बोलणारा मुलगा असतो, खिडकीशी आगरी पाटील. नावावरून गल्ली सांगणे हा इथला बिनपैशाचा खेळ आहे. जगातल्या सर्वांत बारीक नजरेच्या गुप्तहेराला जन्म देणाऱ्या डॉइलना शीख माणसाला शीख नाव द्यायचे भान राहिले नाही. सर घड्याळाकडे बघतात आणि साहित्यशिक्षणातले सर्वांत जुने उत्तर देतात.

“हे परीक्षेला येत नाही.”

सगळी कादंबरी वाचलेल्याचे पुढे काय होते तेही सांगायला हवे. प्रश्नाचे उत्तर सुमारे पन्नास शब्दांत मागितलेले असते. ज्याला टेम्सवरचा पाठलाग, टोबी नावाचा वास घेणारा कुत्रा आणि रस्त्यावरच्या पोरांची होम्सची फौज माहीत असते, त्याचे पन्नास शब्द मेरी मॉर्स्टन जिना चढून वर येईपर्यंतच संपतात. गाइडवाल्याचे उत्तर मात्र एकोणपन्नासाव्या शब्दावर ‘अशा प्रकारे’ म्हणून सुखरूप किनाऱ्याला लागते.

काही विद्यार्थी कादंबरीही टाळतात आणि गाइडही, आणि दूरचित्रवाणीवर विसंबतात. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेत २०१४ साली ‘द साइन ऑफ थ्री’ नावाचा भाग आला, त्यात वॉटसनचे लग्न आहे आणि होम्सचे लांबलचक भाषण आहे. चार आणि तीन यांत एकाचाच फरक, म्हणून मुले तो रात्रभरात पाहून टाकतात. मग उत्तरपत्रिकेत १८८८ सालातला होम्स मोबाइलवर मेसेज पाठवतो आणि मंडपात उभा राहून वऱ्हाडींतला खुनी शोधतो. भिवंडीतल्या लग्नात माइक हाती आलेला माणूस लवकर खाली ठेवत नाही, हा अनुभव असल्याने मुलांना त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही.

या साऱ्या अभ्यासात होम्सची पद्धत कोणी वापरतच नाही, असा समज होण्याची शक्यता आहे. तो चुकीचा आहे. पद्धत वापरली जाते, पण ती प्रश्नपत्रिकेवर. जानेवारी उजाडला की नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तपास सुरू होतो. मागच्या सगळ्या वर्षांच्या कृतिपत्रिका पुरावा म्हणून मांडल्या जातात. गेल्या वेळी मेरी मॉर्स्टन आली होती, म्हणजे यंदा ती येणार नाही. त्याआधी कथासूत्र आले होते, म्हणजे आता स्थळवर्णन ‘ड्यू’ आहे. क्लासच्या सरांनी शनिवारी वॉटसनचे नाव तीनदा घेतले; का घेतले? कोणाचा तरी मावसभाऊ पुण्यात असतो, त्याच्या क्लासने अमुक प्रश्नाला तीन चांदण्या दिल्यात. अशक्य ते एकेक करून गाळले जाते, आणि शेवटी जे उरते त्यावर गोल करून ‘आयएमपी’ लिहिले जाते. एवढी मेहनत, एवढी साखळी, एवढे सूक्ष्म तर्क कादंबरीवर खर्च झाले असते तर आग्ऱ्याचा खजिना नदीत जाण्यापूर्वीच सापडला असता.

तोंडी परीक्षेचे २० गुण वेगळे. तिथे परीक्षक एकदम समोर असल्याने तर्काला वाव कमी असतो.

“शेरलॉक होम्सबद्दल सांग.”

“सर, तो डिटेक्टिव्ह होता.”

“अजून?”

“प्रायव्हेट होता.”

“त्याचा स्वभाव कसा होता?”

“सर, प्रायव्हेटच होता.”

याला गुण द्यावेत की काढावेत, हे ठरवताना परीक्षकांनी चहा मागवल्याची उदाहरणे आहेत.

लेखी परीक्षेत इंग्रजीचा पेपर बहुधा पहिला असतो. केंद्राच्या परिसरातल्या झेरॉक्सच्या दुकानांना कुलूप, दारात कॉपीमुक्त अभियानाचा फलक, पालक झाडाखाली. प्रश्नपत्रिका हाती येते आणि कळते की महिनाभर चाललेल्या तपासात खुनी भलताच निघाला : कथासूत्राच्या जागी स्थळवर्णन आले आहे, किंवा स्थळवर्णनाच्या जागी वॉटसन. इथे अभ्यासाची अखेरची आणि सर्वांत मोलाची पायरी येते. लोभावर पाठ केलेले उत्तर वाया जाऊ द्यायचे नसते. विद्यार्थी पहिले वाक्य तेवढे नवे लिहितो, की ही कथा लंडनमध्ये घडते आणि लंडनमध्ये त्या वेळी खूप लोभ होता. पुढचे पंचेचाळीस शब्द जसेच्या तसे. वॉटसन आलेला असेल तर वॉटसन लोभी नव्हता, असे लिहून तेच पंचेचाळीस शब्द पुन्हा उभे केले जातात.

परीक्षा संपल्यावर गाइडे जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातात. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वॉटसन होम्सच्या हाती एक जुने घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे आणि गहाणवटदाराने आत कोरलेले आकडे पाहून होम्स घड्याळाच्या आधीच्या मालकाचा सगळा जन्म सांगतो : वॉटसनचा भाऊ, आधी बरे दिवस, मग ओढगस्त, शेवटी दारू. जुन्या पुस्तकांचा दुकानदार हे पुस्तक वाचलेले नसताना तेच करतो. गाइड हाती येताच तो ते उघडत नाही, आडवे धरून पानांच्या कडा बघतो. ज्या भागाच्या कडा काळवंडल्यात तो अभ्यासलेला. मधला जाड पट्टा पांढराशुभ्र, तो कादंबरी विभाग. वरच्या कोपऱ्यात चहाच्या पेल्याचे गोल, म्हणजे अभ्यास टपरीवर. शेवटच्या पानावर मोबाइल नंबर, त्याखाली खोडलेले नाव.

“कितीला घेणार काका?”

“चाळीस.”

“अहो, नवीनच आहे. कादंबरीचं तर एक पान उलटलेलं नाही.”

“तेच ना. पुढच्या वर्षी येणारा आधी तेच बघतो, की मागच्याने कुठं खुणा केल्यात. तू काहीच केल्या नाहीस.” दुकानदार गाइड वजनाच्या काट्यावर टाकतो. “पस्तीस घे.”